बायोडाटा : लग्नाचा आणि नोकरीचा

(कल्याणमध्ये परिसरातल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत झालेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



आधी दोन कागद दाखवते. मागे बसलेल्यांना दिसणार नाहीत, म्हणून वाचूनच दाखवते. पहिला कागद. वर गणपतीचं चित्र. खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, वर्ण, रास, गोत्र, वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, भाऊ किती, बहिणी किती, मामांचं गाव. दुसरा कागद. याच्यावर गणपती नाही. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख, लिंग, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, मुलं किती, येणाऱ्या भाषा, छंद. शिक्षण आणि अनुभव कुठे आहे? तळाशी, दोन ओळीत.

पहिला कागद लग्न जुळवायचा आहे, दुसरा नोकरी मागायचा. दोन्ही स्टेशनबाहेरच्या एकाच झेरॉक्सच्या दुकानात टाईप झाले. दुकानदाराकडे एक तयार नमुना असतो. नाव बदलायचं, तारीख बदलायची, प्रिंट काढून द्यायची. आणि दोन्ही कागदांच्या माथ्यावर शब्द एकच, बायोडाटा. हल्ली कुणी रेझ्युमे म्हणतं, कुणी सीव्ही म्हणतं. पण आपल्या बायका येतात त्या म्हणतात, "ताई, बायोडाटा करून द्या."

आम्ही दोघीतिघी दर शनिवारी संध्याकाळी टेबल मांडून बसतो आणि हे कागद लिहून देतो. येणाऱ्यांत नुकत्या पास झालेल्या मुली असतात, पण पस्तीस ते पन्नास वयाच्या बायका जास्त. कुणाच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली. मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद झाली, तेव्हा किती घरांतल्या बायका पहिल्यांदा काम शोधायला बाहेर पडल्या, हे इथे बसलेल्या काहीजणींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कुणाला मुलीच्या कॉलेजची फी भरायची असते, कुणाला नवऱ्याने टाकलेलं असतं. सगळ्या विचारतात, "बरोबर फॉर्मॅट कुठला?" त्यांना वाटतं प्रश्न अक्षराच्या आकाराचा आणि बॉर्डरचा आहे. मी उलट विचारते, हा कागद कोण वाचणार, आणि त्याला तुझ्याबद्दल काय कळायला हवं? मामांचं गाव कळायला हवं का?

हसू नका. नोकरीच्या कागदावरचे हे रकाने आकाशातून पडलेले नाहीत. विवाहित की अविवाहित, हा रकाना घ्या. मुंबईतल्या औषध कंपन्यांत पॅकिंग खात्यात पूर्वी मुली घेत आणि त्यांच्याकडून अट मान्य करून घेत, की लग्न झालं की नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियनने अशा एका कंपनीविरुद्ध दाद मागितली. औद्योगिक न्यायाधिकरणात युनियन हरली, पण १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. कंपनीचं म्हणणं होतं की पॅकिंगचं काम गटाने चालतं आणि लग्न झालेल्या बायका दांड्या मारतात. न्यायालयाने विचारलं, पोरांचंच म्हणाल तर विधवेलाही पोरं असतात, मग फरक काय राहिला? बाळंतपणाची रजा. त्यासाठी चार बायका राखीव ठेवा. साधं उत्तर होतं. अट गेली, रकाना मात्र राहिला.

दुसरं प्रकरण नीरा माथुर यांचं. १९८९ साली त्या आयुर्विमा महामंडळात लागल्या. नोकरीच्या वेळी जो छापील जबानीचा फॉर्म भरून घेतला त्यात बाईला विचारलं होतं, नवऱ्याचं नाव काय, मुलं किती, पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, आत्ता गरोदर आहात का, गर्भपात झालाय का. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्या बाळंत झाल्या. तारखा जुळेनात, म्हणून खोटी माहिती दिल्याचं कारण काढून उमेदवारीच्या काळातच त्यांना कमी केलं. उच्च न्यायालयाने ऐकलं नाही. ३१ ऑक्टोबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि महामंडळाला सांगितलं की हे रकाने फॉर्ममधून काढा, ते बाईच्या लाजेला आणि स्वाभिमानाला धक्का देणारे आहेत. ही काही कोपऱ्यातली वर्कशॉप नव्हती. सरकारी महामंडळाच्या छापील फॉर्मवर पाळीची तारीख होती!

आजचा मालक पाळी विचारत नाही. तो विचारतो, "लग्न झालंय? मुलं केवढी?" यामागचा हिशेब समजून घ्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. ती हक्काची आहे, ती आपण भांडून घेतली. पण जिथे ईएसआय लागू नाही तिथे तो पगार मालकाच्या खिशातून जातो, म्हणून तो मुलाखतीआधीच चाळणी लावतो. चाळणीचं भोक म्हणजे तुमच्या बायोडाटातली ती एक ओळ. आणि ती तुम्ही स्वतःच, न विचारता, लिहून देता.

तेव्हा खाजगी नोकरीच्या अर्जातून मी आधी काय खोडते ते सांगते. वैवाहिक स्थिती, मुलं, धर्म, जात, वडिलांचा किंवा पतीचा वेगळा रकाना, छंद. आधीचा पगार तर नक्कीच खोडते. बाईला आधी कमी मिळत होता, तोच आकडा धरून पुढचा मालक त्यावर दोनशे चढवतो. आधार आणि पॅनचा नंबर कधीच नाही. घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम देतो म्हणून कागदपत्रं आणि पैसे उकळणारे किती आहेत, त्यावर वेगळी बैठक घ्यावी लागेल. परित्यक्ता बायकांना तर वैवाहिक स्थितीचा रकाना छळतोच. विवाहित लिहिलं की नवऱ्याचं नाव विचारतात, घटस्फोटित लिहावं तर कागद झालेले नसतात. त्या रकान्याचं कामाशी काही नातं नाही. तो ठेवूच नका.

मुलाखतीत विचारतीलच, मग खोडून काय उपयोग, असं मागच्या वेळी एकीने विचारलं. उपयोग एवढाच की समोर बसायला तर मिळतं. समोर बसल्यावर ते विचारतील तेव्हा कामाच्या वेळेचं उत्तर द्यायचं. "साडेनऊ ते साडेसहा मला जमेल, महिनाअखेरीस थांबावं लागलं तरी चालेल." एवढं पुरे. आणि पुरुष-बाई असा भेद भरतीत करता येणार नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्याने सांगितलं होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही ते आलं आहे. तरी स्टेशनच्या खांबावर 'फक्त अविवाहित मुली पाहिजेत' चिकटलेलं दिसतंच. दिसलं की फोटो काढून आमच्याकडे आणा.

सरकारी अर्जाची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे नमुना त्यांचा असतो, आपल्याला निवड नाही. तिथे जात लिहायची, प्रवर्ग लिहायचा, दाखल्याचा क्रमांक लिहायचा, महिला आरक्षणाच्या रकान्यात खूण करायची. शासकीय नोकरीत बायकांना तीस टक्के जागा आहेत. त्या संकोचाने सोडून देऊ नका. माझ्यासमोर एका मुलीने खुल्या वर्गातून अर्ज भरला होता. का, तर ऑफिसात जात कळायला नको. तिचं दुखणं मला कळतं. पण तो हक्क आहे, लपवायची गोष्ट नाही, आणि आरक्षणाचा दावा अर्जातच करायचा असतो.

आडनाव मात्र कुठल्याही फॉर्मॅटमध्ये खोडता येत नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्‌वेल यांनी पाचशेहून जास्त खाजगी जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा कमी निघाली, मुसलमान नावाला तर फारच कमी. म्हणून मुंब्र्याची किंवा एखाद्या नगराचं नाव पत्त्यात असलेली मुलगी 'माझ्याच बायोडाटात काही चुकलं असेल' असं म्हणते तेव्हा मी तिला हे सांगते. तुझ्या कागदात चूक नसेलही. पत्ता पूर्ण द्यायची गरज नाही. 'कल्याण (पूर्व)' पुरे. ठाण्याची नोकरी असेल तर लोकलने किती वेळ लागतो ते लिहा, मालकाला तेवढंच हवं असतं.

आता फॉर्मॅट. जगभर ढोबळमानाने तीन चालतात. एक तारीखवार. शेवटची नोकरी सगळ्यात वर, मग त्याआधीची, अशा उतरत्या क्रमाने. दुसरा कामवार. तारखा मागे, आणि पुढे 'हिशेबाचं काम', 'माणसं सांभाळण्याचं काम' असे गट. तिसरा मिश्र. वर कामाच्या चारपाच ओळी, खाली तारखांचा छोटा तक्ता.

शिक्षिका, परिचारिका, बँकेत किंवा पतपेढीत सलग नोकरी झालेली बाई, यांनी डोळे मिटून तारीखवार वापरावा. परिचारिकेने नोंदणी क्रमांक नावाखालीच लिहावा, कारण दवाखान्याचा माणूस तोच आधी शोधतो. नुकती पास झालेली मुलगी असेल तर शिक्षण वर. यात फार डोकं लावायचं कारण नाही.

अडचण होते ती खंड पडलेल्यांची. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींची. तारीखवार कागद हा सलग नोकरी करणाऱ्या पुरुषाच्या मापाने शिवलेला सदरा आहे. बाई त्यात बसवली की २०११ च्या पुढे एकदम २०२३ येतं आणि मधली बारा वर्षं भोकासारखी दिसतात. जणू ती झोपली होती. मग काही सल्लागार सांगतात, कामवार करा, तारखा दडवा. मी तो सल्ला देत नाही. वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या लहान कंपनीत कागद वाचतो तो मालक किंवा त्याचा अकाउंटंट. एका कागदाला त्याचा अर्धा मिनिट. तारीख दिसली नाही की त्याला वाटतं, काहीतरी लपवलंय. मोठ्या कंपनीत तर आधी संगणकच कागद चाळतो. त्याला वर्षं, पदाचं नाव आणि कामाचे शब्द सरळ ओळीत हवे असतात. चौकटी, फुलं, तिरकी अक्षरं त्याला नीट वाचता येत नाहीत.

म्हणून आमच्या टेबलावर मिश्र नमुना. वर, मी काय करू शकते. खाली, कधी कुठे. आणि खंड झाकायचा नाही, एका ओळीत सांगून टाकायचा. '२०११ ते २०२३ : कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत खंड. या काळात घरी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या.' संपलं. माफी नको, कहाणी नको.

खंड कसा सांगावा हे शिकायचं तर आपल्याच गावच्या मुलीकडून शिकू. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ रोजी याच कल्याणात जन्मल्या. माहेरचं नाव यमुना. आपण त्यांची गोष्ट नेहमी गोपाळरावांची गोष्ट म्हणून सांगतो, पण १८८३ साली अमेरिकेत पोचल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेशासाठी त्यांनी पाठवलेलं पत्र जरूर शोधून वाचा. वय अठरा. शाळेचं रीतसर शिक्षण त्या कॉलेजच्या अटींना पुरणारं नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून टाकलं. ते लिहून त्या थांबल्या नाहीत. नातलगांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले आहे, आणि माझ्या देशातल्या बायकांना बाईडॉक्टर हवी आहे, हे त्यांनी पुढे मांडलं. प्रवेश मिळाला. १८८६ साली पदवी मिळाली, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. काम सुरू करण्याआधीच, बावीस पूर्ण व्हायच्या आत, त्या गेल्या. पत्र मात्र उरलं. अर्जात उणीव लपवली नाही, आणि उणीव हाच अर्जाचा विषयही होऊ दिला नाही.

आता नाजूक मुद्दा. घरकाम बायोडाटात लिहावं का? आपण चळवळीत वर्षानुवर्षं म्हणत आलो की घरकाम हे काम आहे, ते मोजा. मी त्या घोषणा दिल्या आहेत, अजूनही देते. पण बायोडाटात 'गृहव्यवस्थापन, बारा वर्षं' लिहिलेलं पाहिलं की मालक गालात हसतो, हेही मला माहीत आहे. त्याच्याशी ती लढाई त्या अर्ध्या मिनिटात जिंकता येणार नाही. म्हणून मी विचारते, यातलं कुठलं काम या नोकरीत उपयोगी आहे, आणि ते आकड्यात सांगता येईल का? 'बचत गटात सक्रिय' असं लिहू नका. 'चौदा जणींच्या गटाचं कॅशबुक आणि बँकेचं काम आठ वर्षं पाहिलं, कर्जाचे हप्ते वेळेवर भरले' असं लिहा. पोळीभाजी केंद्रात मदत करत होते, हे लिहू नका. रोज किती पोळ्या, किती डबे, माल कोण आणायचं, उधारी कोण वसूल करायचं, ते लिहा. तुम्ही करत असाल ती सगळी फॉल-बिडिंगची, शिवणाची, शिकवणीची कामं याच मापाने मोजा.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आली. पंचेचाळिशीची, दहावी पास. नर्सिंग होममध्ये आयाची जागा होती. अनुभवाच्या जागी तिने 'काही नाही' लिहून आणलं होतं. बोलता बोलता कळलं, अर्धांगवायू झालेल्या सासूला तिने सहा वर्षं सांभाळलं. नाकातल्या नळीने भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, साखर तपासणं, इन्सुलिन टोचणं, रात्री उठून लघवीची पिशवी रिकामी करणं. मी म्हटलं, हे लिहू. ती म्हणाली, "अहो ताई, घरच्याच माणसाचं केलं, ते काय लिहायचं? लोक म्हणतील सासूच्या सेवेचं भांडवल केलं." मी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "लिहा. पण 'सेवा' लिहू नका, 'काम' लिहा."

तिला ती जागा मिळाली. पण प्रमाणपत्र नाही म्हणून तिथल्या इतर बायकांपेक्षा पगार कमी. म्हणजे कागद चांगला लिहिला की सगळं सुटतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पुढच्या वर्षी ती रुग्णसहायकाचा कोर्स करणार म्हणते. फी कोण भरणार, हे अजून ठरायचंय.

नावाचा घोळ बाकी आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, पण आता बदललंय तर काय करायचं? अर्जावर सध्याचं नाव, त्याखाली लहान अक्षरात 'प्रमाणपत्रांवरील नाव' अशी ओळ, आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत. नवरा सोडून गेला आहे आणि माहेरचं नाव परत लावायचंय, त्यांनी राजपत्राचं काम आधी करून घ्या, नोकरीच्या घाईत ते राहतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आता वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लागणार आहे. ती मुलं वीस वर्षांनी बायोडाटा घेऊन येतील तेव्हा हे टेबल कोण मांडून बसलं असेल, कोण जाणे.

अनुभवाचा दाखला नाही, ही नेहमीची रड. मालक देत नाही, किंवा कंपनीच उरली नाही. अशा वेळी पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, पगाराची जुनी चिठ्ठी, यांतलं काही घरात आहे का ते शोधा. पीएफच्या नोंदीत कंपनीचं नाव आणि महिने दोन्ही येतात. ज्या वर्कशॉपमध्ये हातात रोख पगार देतात तिथे आत्ता काम करत असाल तर आत्ताच दाखला मागा. काम सोडताना कुणी देत नाही.

आणि शेवटचं, फोन नंबर. गेल्या वर्षी एका बाईचे सात अर्ज मी स्वतः लिहून दिले. कामाची बाई, अकाउंट्स येणारी. कुठूनच बोलावणं नाही. मला कोडंच पडलं. ठाण्याच्या एका ऑफिसात ओळख होती, तिथे विचारलं. ते म्हणाले, "आम्ही फोन केला होता, एका गृहस्थांनी उचलला, नको म्हणाले." अर्जावर नवऱ्याचा नंबर होता. तिचा स्वतःचा फोन होता, पण 'घरातला नंबर' म्हणून तिने तो दिला होता आणि मीही न विचारता लिहिला होता. सात अर्ज वाया गेले ते माझ्या हातून. तेव्हापासून टेबलावर पहिला प्रश्न मी हाच विचारते, हा नंबर वाजला तर कोण उचलतं?

आता चहा आहे. मागच्या टेबलावर कोरे कागद आणि पेनं ठेवली आहेत. घरी झेरॉक्सवाल्याने केलेला बायोडाटा असेल तर पुढच्या शनिवारी घेऊन या, आणि सोबत दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत. मूळ प्रमाणपत्र आणू नका, गाडीत गर्दी असते.